एका हाताचा चिमटा

मिस्त्रींना एकटी वस्तू चालत नसे. चहा एकच मागवला तरी दोन ग्लासांत अर्धा अर्धा ओतून घेत आणि एक संपला की दुसरा पीत. नट आवळायचे पानेही प्रत्येक नंबराचे दोन. गॅरेजच्या दारात झेंडूचं एक रोप आपोआप उगवलं, तर शेजारी दुसरं आणून लावलं तेव्हाच त्यांच्या जिवाला थंड वाटलं. कुणी एक केळं पुढं केलं तर हात लावत नसत. "जोडी नाय ती चीज कामाची नाय," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. मी एकदा म्हटलं, "मग शेजारी भातगिरणी एकटीच आहे ती कशी चालते तुम्हाला? अजून एक काढू का?" तर म्हणाले, "या एकीनं माजे कान गेलेत, वैनी. दुसरी काढलीत तर मी गावच सोडीन."

ती गिरणी आमची. सापगावात, शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. एकाच पत्र्याखाली दोन गाळे, मधे विटांची भिंत, भिंतीपलीकडे मिस्त्रींचं मोटारसायकलींचं गॅरेज. आमचे हे आसनगावहून कल्याणला नोकरीला जात, त्यामुळे गिरणी मीच चालवायची. हंगामात भाताचा कोंडा उडे आणि सरळ त्यांच्या उघड्या इंजिनांत जाऊन बसे. मग ते माझ्या दाराकडे सायलेन्सर करून एखादी गाडी भणाभणा रेस करत. मीही काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. आमची भांडणं ऐकायला रस्त्यावरच्या रिक्षा थांबत. भांडण संपलं की त्यांची बायको मधल्या खिडकीतून वाटीभर करवंदं नाहीतर भाजलेल्या शेंगा माझ्याकडे सरकवी आणि डोळा मिचकावी. तिला सगळे मिस्त्रीणबाईच म्हणत. तिचं नाव मला फार उशिरा कळलं.

मिस्त्री मूळचे धसईच्या पलीकडच्या एका गावातले. घरी बैलजोडी होती. त्यातला एक बैल मेला, तेव्हा दुसऱ्यानं चारा सोडला, ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली होती की मी ती त्यांच्या आधी पुरी करी. "जोडीतला एक गेला का दुसऱ्याला पेंढा गोड लागत नाय," हे शेवटचं वाक्य आम्ही दोघं एकदमच म्हणत असू. पुढं बैल राहिले नाहीत आणि मिस्त्री मोटारसायकलींकडे वळले, पण बोलणं बैलांचंच राहिलं. गाडी चालू झाली असं ते कधी म्हणाले नाहीत, "उठली" म्हणत. ब्रेक लागत नसेल तर "आयकत नाय." गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तिच्या टाकीवर थोपटत आणि कानात सांगितल्यासारखं काहीतरी पुटपुटत. काय सांगता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ह्याला घरी ने, एवढंच सांगतो. रस्ता गाडीलाच ठावं आसतो, ह्या पोरांना कुटं ठावं?"

जोरात गाडी चालवणाऱ्या पोरांवर त्यांचा एक उपाय होता. दुरुस्ती झाली की त्या पोराला मागं बसवायचं, आपण हँडल धरायचं आणि भातसा नदीच्या पुलापर्यंत त्याच्याच वेगानं न्यायचं. "मागं बसून बग, तुज्या आईला कसं वाटत आसंल." पोरं पांढरीफटक होऊन परत येत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तर मिस्त्रींचा थाट बघण्यासारखा. बैलांची खांदेमळणी करतात ना, जू ओढून ओढून दमलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात, ती ते गाड्यांची करत. त्यांची आई माळशेज घाटावरची, तिनं ही रीत घरात आणलेली. आता गाडीला कुठला आला खांदा? तर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जे दोन लोखंडी हात असतात, ते. गॅरेजवाले त्याला चिमटा म्हणतात. सगळं ओझं शेवटी त्याच्यावर येतं, असं मिस्त्रींचं म्हणणं. त्या दिवशी गॅरेजात असतील तेवढ्या गाड्यांना ओळीनं उभं करून उजवा हात ते चोळत, डावा मिस्त्रीणबाई, आणि दोघं मिळून म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." शहरी गिऱ्हाइकं पिवळ्या डागांवरून कुरकुरत. मिस्त्री ढिम्म. "तुला कुनी कधी खांदे दाबून दिलं नसतील, म्हनून तुला कळत नाय," असं एका साहेबाला त्यांनी तोंडावर सुनावलं होतं.

चाकाचं कामही ती दोघंच करत. मागचं चाक ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा एका बाजूनं धरायचा आणि दुसऱ्या बाजूनं नट आवळायचा. एकट्यानं आवळायला गेलं की दांडा नटाबरोबर फिरत बसतो. मिस्त्री उजवीकडे उकिडवे बसणार, मिस्त्रीणबाई डावीकडे, मधे चाक. माझी गिरणी चालू असली की ओरडूनही ऐकू जायचं नाही, म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. ते विचारायचे, "धरलंस का गो?" आणि ते ऐकू गेलं नाही तरी, दांडा धरून झाला की, ती आपल्या पान्यानं त्यावर दोनदा टकटक करायची. आवाज ऐकू येत नसे, पण लोखंडातून ते दोन ठोके त्यांच्या हातातल्या पान्याला लागत. मग ते आवळायचे. मी खिडकीतून हे हजारदा पाहिलं असेल. नवराबायकोत इतकं थोडक्यात चाललेलं बोलणं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आमच्याकडे तर मीठ मागायलाही चार वाक्यं लागतात.

एक दिवस वाशिंदचा एक तरुण आला. नोकरी कल्याणला, अंगावर महागडं जाकीट, खाली जुनी घेतलेली स्पोर्ट बाईक. त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. परदेशी गाडी होती, आणि तिचं मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं. डावीकडे एक जाडजूड हात, उजवीकडे काहीच नाही, चाक उघडंवाघडं.

"मिस्त्री, असा स्विंगआर्म माझ्या गाडीला बसवायचाय. एका साइडने बघितलं की चाक हवेत वाटलं पाहिजे. फुल लूक!"

मिस्त्रींनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "दुसरा हात कुटं गेला?"

"नसतोच."

"चिमट्याला दोन हात आसतात. एक काढला का ऱ्हातंय ते उलथणं. उलथण्यावर बसून वाशिंदला जानार काय रं तू?"

मिस्त्रीणबाई पदरात तोंड घालून हसत होती. तो पोरगा हिरमुसला तशी म्हणाली, "करा की वो. हौस हाय पोराची."

"हौसंला काय मोल नाय. एका बाजूनं धरलेलं टिकत नाय गो कदी." आणि त्यांनी त्याला वाटेला लावलं. पुढं कितीतरी दिवस मी स्वयंपाकात उलथणं हातात घेतलं की मला तो पोरगा आठवून हसू यायचं.

भातकापणीच्या दिवसांत मिस्त्रीणबाई गेली. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाली, ओवा चावून खाल्ला आणि चाकापाशी येऊन बसली. मी गिरणीत होते. मिस्त्रींनी नेहमीसारखं विचारलं असणार. ठोके आले नाहीत, म्हणून त्यांनी वाकून चाकाच्या आऱ्यांतून पलीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि पाना मांडीवर पडला होता. मला ते हाक मारत होते म्हणे, पण गिरणी चालू होती. मी ऐकलं नाही. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर भात भरडायला टाकताना माझा हात बटणापाशी घुटमळतो तो आजपर्यंत.

दिवसकार्य झालं आणि मिस्त्रींनी गॅरेज उघडलं. ऑइल बदलत, प्लग साफ करत, वायरी जोडत. पण चाकाला हात लावेनात. पंक्चर घेऊन कुणी आलं तरी, "चाक काडायचं काम बंद हाये," म्हणत. चाकाला हात न लावणारा गॅरेजवाला म्हणजे रिकामी गिरणीच. गिऱ्हाईक शहापूरला जाऊ लागलं. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, पलीकडून धरायचंच आहे ना? मी धरते." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्यानं नाय व्हायचं, वैनी." मला राग आला. पोती उचलणारी बाई मी, माझ्यानं एक पाना धरून होणार नाही? मग लक्षात आलं, जोराचा प्रश्नच नव्हता.

चहा मात्र ते अजून दोन ग्लासांतच ओतत. फक्त दुसरा पीत नसत. तो तसाच साय धरून राही आणि संध्याकाळी झेंडूच्या बुडात जाई. ते आता जेवतही नव्हते धड. त्यांच्या त्या बैलाची गोष्ट माझ्या मनातून जाईना, आणि आता ती पुरी करायची माझी छाती नव्हती.

अशात तो वाशिंदचा पोरगा पुन्हा आला. कुठल्याशा मोडलेल्या परदेशी गाडीचा तो एका बाजूचा हात, चाकासकट, त्यानं आपल्या गाडीशेजारी टेंपोत घालून आणला होता. गोणपाटावर त्यानं तो ठेवला, पण मिस्त्रीणबाई नाही हे कळल्यावर त्याला पुढं काही बोलवेना. परत न्यायला वाकला तेव्हा मिस्त्रींनी विचारलं,

"ह्याचं चाक आवळाया पलीकडनं मानूस लागतो?"

"नाही मिस्त्री. पलीकडे काही आहेच कुठे? एकच मोठा नट, या साइडने. रेसमध्ये एकटा माणूस खटाखट चाक बदलतो, मी व्हिडिओ बघितलाय."

"येकटा?"

"एकटा."

मिस्त्री त्या लोखंडाजवळ बसले, त्या एकट्या नटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ठेव गाडी."

खिडकीतून मी हे ऐकलं आणि मला सगळं समजलं. जोडीशिवाय चहा न पिणारा माणूस एकट्यानं होणारं काम हातात घेत होता. हे जमलं तर ते गॅरेजात टिकतील, नाहीतर शटर ओढतील, हे मला त्या दिवशी दिसत होतं. मी देवाजवळ दुसऱ्याच्या मोटारसायकलीसाठी कधी नारळ कबूल करीन असं वाटलं नव्हतं, पण केला.

काम सोपं नव्हतं. एका गाडीचा अवयव दुसऱ्या गाडीला लावायचा. तो हात ज्या ठिकाणी सांगाड्याला जोडायचा तिथली रुंदी जुळेना, म्हणून मुरबाडला लेथवर जाऊन फटीत बसणारे लोखंडी बुश करून आणले. ते सैल झाले, पुन्हा केले. मग चेन तिरकी धावू लागली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी ताणून मिस्त्री जमिनीवर पालथे पडून एका डोळ्यानं बघत, शेतात बांध सरळ आहे का बघावा तसे. पोरगा रविवारी येई आणि "मिस्त्री, अजून किती टाइम?" विचारून शिव्या खाऊन जाई. शिव्या ऐकून मला बरं वाटे. मिस्त्री दाढी करू लागले. माझ्या कोंड्यावरून एकदा माझ्याशी भांडलेही, आणि मी आनंदानं भांडले. उन्हाळा लागला तशी एके दिवशी त्यांनी चहा एकाच ग्लासात घेतला. पुरा, काठोकाठ. ते पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मी खिडकी लावून घेतली आणि पदर डोळ्यांना लावला.

आणि एका दुपारी सगळं लागलं. हात बसला, चेन सरळ, चाक चढलं. उरला तो एक मोठा नट. मिस्त्रींनी भला मोठा पाना लावला, त्याला लांब पाइप अडकवला आणि जोर दिला. चाक फिरलं. पुन्हा जोर दिला, चाक पुन्हा फिरलं. स्टँडवरून खाली उतरवून पाहिलं, तर गाडीच पुढं सरकली. नट तर चांगला घट्ट आवळायला हवा, नाहीतर चाकच निघून जायचं.

थोड्या वेळानं ते गिरणीच्या दारात येऊन उभे राहिले. मान खाली. माझी गिरणी धडधडत होती. त्यांचे ओठ हलले, पण ऐकू काही आलं नाही. मी बटण दाबून गिरणी बंद केली, तशीच, भात आत असताना.

"काय म्हणालात?"

"ब्रेकवर पाय ठेवाया मानूस लागतो, वैनी." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "हेलाबी लागतोच."

मी नऊवारी नेसणारी बाई नाही, पण पाचवारी साडीत त्या गाडीवर चढणं हा काय प्रकार असतो ते जिनं केलंय तिलाच ठाऊक. सीट उंच, हँडल खाली, बसलं की माणूस आपोआप ओणवा होतो. रस्त्यावर दोन रिक्षावाले थांबले. एरवी मिस्त्रींनी माझी टर उडवली असती आणि मी त्यांची. मी उजवा पाय ब्रेकवर ठेवून दाबला. मिस्त्री चाकापाशी बसले आणि पाना धरला.

गिरणी बंद होती, रस्त्यावर गाडी नव्हती. इतकी शांतता त्या गाळ्यांत कधी नसायची. आणि मिस्त्रींनी अगदी सवयीनं, कामात मान घालूनच विचारलं,

"धरलंस का गो?"

विचारल्यावर त्यांना कळलं. पाना तसाच धरून ते थिजले. मला मागं बघायचा धीर होईना. "हो, धरलंय," एवढं म्हणणं सोपं होतं, पण ते माझ्या तोंडून निघू नये असं वाटलं. ती कधी तोंडानं बोलत नव्हती. मी पाय किंचित सैल केला आणि पुन्हा दाबला. पुन्हा सैल केला, पुन्हा दाबला. चाक दोनदा कणभर हललं, आणि ते दोन हिसके मिस्त्रींच्या पान्याला लागले.

त्यांनी कपाळ सीटच्या मागच्या टोकाला टेकवलं. मला त्यांच्या रडण्याचा आवाज आला नाही, पण गाडी हलत होती, ती मला कळत होती. मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. मग त्यांनी डोळे पुसले, काळ्या हातांनी सगळं तोंड काळं केलं आणि एका दमात नट आवळला.

मी उतरले तेव्हा ते गाडीमागं उभे राहून बघत होते. "बगा वैनी," म्हणाले, "ऱ्हायलाय तो हात तिच्या बाजूचा. माज्या बाजूला कायच नाय." आणि हसल्यासारखं केलं. मी त्या चाकाकडे तोवर कधी तसं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मिस्त्री चाकाची कामं घेऊ लागले. पलीकडून धरायला गिऱ्हाइकालाच बसवत. "गाडी तुजी ना? मग धर." साहेब असो, मास्तर असो, पायजमा सावरत डावीकडे उकिडवं बसायचं आणि विचारल्यावर पान्यानं दोनदा ठोकायचं. एकदा ठोकलं तर चालत नसे. तोंडानं "हो" म्हटलं तर अजिबात नाही. लोकांना वाटे, म्हातारा सटकला. मी खिडकीतून कुणाला काही सांगत बसले नाही. चहा पुन्हा दोन ग्लासांत आला, आणि दुसरा ग्लास पलीकडे बसलेल्याला मिळू लागला.

या श्रावणात मिस्त्री गेले. झोपेत, धसईकडच्या घरी, भावाकडे गेले होते तिथं. गॅरेजचं शटर बंद आहे. कुणीतरी तिथं मोबाइलचं दुकान काढणार म्हणतात. झेंडूची दोन्ही रोपं मात्र फोफावलीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गिरणी बंद करत होते, तर तो वाशिंदचा पोरगा आला. आता त्याचं पोट थोडं सुटलंय, जाकीट जाऊन साधा शर्ट आलाय. हातात स्टीलचा छोटा डबा.

"काकू, दर वर्षी मिस्त्री करायचे. यंदा तुम्ही कराल का?"

डब्यात हळद कालवलेलं लोणी होतं. त्याच्या आईनं कालवून दिलं होतं. मी गाडीच्या डावीकडे बसले. त्या जाडजूड हाताला मुळापासून चाकापर्यंत चोळलं, सांध्यात बोटं घालून चोळलं, म्हातारा बैल असता तर डोळे मिटले असते त्यानं. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," म्हटलं. पोरगाही माझ्याबरोबर म्हणाला, त्याला पाठ होतं.

मग ओंजळीत उरलेलं लोणी घेऊन मी उठले आणि उजवीकडे गेले. मिस्त्री बसायचे त्या जागी उकिडवी बसले, हात पुढं केला. तिथं चाक होतं नुसतं. धरायला काही नव्हतं.

"काकू, झालं?" पोरानं पलीकडून विचारलं.

माझे दोन्ही हात पिवळे होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात. "थांब जरा," म्हटलं, आणि तशीच बसून राहिले.